नवेगावबांध : तलावातली बदकं आणि काठावरची ढोलीची झाडं

पळसपान

नवेगावबांधला पक्षी पाहायला येणाऱ्यांचा बेत बहुधा ठरलेला असतो. डिसेंबर-जानेवारीतला शनिवार-रविवार, सकाळी तलाव, संध्याकाळी जंगलाची फेरी. घरी गेल्यावर दोन याद्या होतात, एक पाण्याची आणि एक रानाची. या दोन्ही याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर तलाव जास्त कळतो, असं मला वाटतं. धागा त्यासाठीच काढतेय. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या इतर मामा तलावांनाही (माजी मालगुजारी तलाव, असे सहा हजारांवर आहेत) यातलं बरंचसं लागू पडेल. मला जवळून माहीत आहे तो नवेगावबांध, म्हणून उदाहरण त्याचं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला तलाव, पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटर. भोवतीच्या सात डोंगरांना सातबहिणी म्हणतात. कोलू पाटलांना लोकांनी कोलासूर म्हणून देवच केलं. १९७५ मध्ये इथल्या १३३.८८ चौरस किलोमीटर जंगलाचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि डिसेंबर २०१३ पासून ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव न पाहताही ओळखीचं असतं.

आता मुद्दा. हिवाळ्यात येणारी बदकं सगळे पाहतात: तलवार बदक, थापट्या, गडवाल, चक्रांग, लालसरी, शेंडी बदक. ही पाहुणी मंडळी घरटी करतात ती दूर उत्तरेला. इथे त्यांना खायला आणि निवांत बसायला पाणी पुरतं. पण बारमाही राहणारी जी बदकं आहेत, त्यातल्या तिघांचा संसार पाण्यावर होत नाही. काणूक, नकटा आणि अडई. काणूक हे जगातल्या सर्वांत लहान बदकांपैकी एक. पावसाळ्यात त्याची मादी पाण्याजवळच्या जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी घालते. नकट्याचंही तसंच. अडई थोडी वेगळी, ढोली मिळाली तर ढोली, नाहीतर घारीचं किंवा बगळ्याचं जुनं घरटं, नाहीतर काठावरचं दाट गवत. काणूक आणि नकट्याची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच, पंख फुटायच्या कितीतरी आधी, आईची हाक ऐकून ढोलीतून सरळ खाली उडी घेतात आणि तिच्या मागोमाग पाण्याकडे चालायला लागतात. इतकी हलकी असतात की पाचोळ्यावर पडून त्यांना काही होत नाही. पण खाली पाचोळा हवा, आणि झाडापासून पाण्यापर्यंत आडोसा हवा. मधे डांबरी रस्ता, कुंपणाची भिंत किंवा मोकळी कुत्री असली की तो छोटा प्रवास फार अवघड होतो.

बदक मावेल एवढी ढोली सुतार पक्षी कोरून देत नाही. जाड फांदी वादळात मोडते, त्या जखमेतून पाणी आत झिरपतं, बुरशी लागते, गाभा कुजत जातो, आणि कितीतरी वर्षांनी आत पोकळी तयार होते. म्हणून ती मिळते म्हाताऱ्या मोहात, आंब्यात, कहूमध्ये (अर्जुनाला इकडे कहू म्हणतात). वनीकरणाच्या रांगेत लावलेल्या सरळसोट सागात ती सहसा मिळायची नाही. गावाबाहेरचा एखादा छोटा तलाव पाहा, पाणी स्वच्छ, कमळं भरपूर, शिंगाड्याची वेल पसरलेली, आणि काणूक नाही. असं दिसलं की मी आधी काठ पाहते. बऱ्याचदा काठावर एकही जुनं झाड उरलेलं नसतं.

बाकीच्यांचंही रानाशी नातं आहे. तिरंदाजाला पंख वाळवायला पाण्यात उभं सुकलेलं खोड लागतं. हिवाळ्यात येणारा कैकर मासा पकडतो आणि खायला अशाच बोडक्या झाडावर जाऊन बसतो. मत्स्यघुबड दिवसभर दाट पानांत झोपतं आणि अंधार पडला की पाण्यावर येतं. बगळे, पाणकावळे, मुग्धबलाक यांच्या वसाहती झाडांवरच. आणि डोंगरावरचं जंगल माती धरून ठेवतं म्हणून तलाव तीनशे वर्षांत गाळाने बुजला नाही. खाली तलाव कसा दिसतो हे वर डोंगरावर ठरतं.

आता तलाव पाहायचा कसा, त्याबद्दल. पाण्याची खोली वरून कळत नाही, पक्षी ती दाखवतात. शेकाट्या आणि तुतवार जिथे चालतायत तिथे वीतभर पाणी. बदक डोकं खाली, शेपटी वर करून चरतंय तिथे त्याची मान पोहोचेल तेवढंच. चक्रांगाची मान आखूड, तलवार बदकाची लांब, म्हणून दोघे एकाच थव्यात दिसले तरी चरताना तलवार बदक जरा आत सरकलेलं असतं. लालसरी आणि शेंडी बदक बुड्या मारतात, ती खोल पाण्यात. कमळपक्षी पानांवर. एका जागी बसून तासभर हे पाहिलं की तलावाचा तळच डोळ्यांपुढे उभा राहतो. नावेतून थव्याच्या मागे लागून हे दिसत नाही. थवा उठतो, पलीकडे जाऊन बसतो, आणि चरायची वेळ वाया जाते ती त्याची.

तुमच्याकडच्या तलावांचे अनुभव लिहा. विशेषतः पावसाळ्यातले, कारण त्या दिवसांत इकडे पक्षी पाहणारं फार कमी कोणी येतं.

मेधा_क

फार आवडलं. मी पुण्याची, आतापर्यंत पक्षी म्हणजे भिगवण एवढंच केलंय. मुलगी नऊ वर्षांची आहे, सोबत सासूबाईही असतील. त्यांना फार चालवत नाही. कधी यावं? आणि गाडीने नाही आलो तर पोहोचता येतं का?

अर्जुनीकर

मेधाताई, रेल्वेने येता येते. गोंदिया-बल्लारशा लाइनवर देवळगाव स्टेशन आहे, तिथून नवेगावबांध जवळच. गाडीने येत असाल तर नागपूर-भंडारा-साकोली, पुढे कोहमाऱ्याला उजवीकडे वळायचे.

सासूबाईंना जंगलात न्यायची गरज नाही. पाळीवर (तलावाच्या मातीच्या बांधावर) सकाळी खुर्ची टाकून बसवा, सगळे दिसते. स्वेटर, शाल ठेवा, डिसेंबरमध्ये आमच्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते.

धाग्याबद्दल. मी शेतकरी आहे, धानाची शेती तलावाच्या पाण्यावरच. पळसपान ताईंनी बदकांचे लिहिले, पण पट्टकादंब हंस राहिला. डोक्यावर दोन काळे पट्टे, राखाडी अंग. दिवसा ते पाण्यात किंवा काठावर बसून असतात आणि दिवस मावळला की बांध्यांमध्ये (धानाच्या खाचरांमध्ये) चरायला येतात. धान कापून झाले की आम्ही ओल्या बांधीत लाखोळी टाकतो. तिचे कोवळे शेंडे त्यांना फार आवडतात. काही लोक रात्री डबे वाजवून हाकलतात, काही म्हणतात येऊ दे. माझे म्हणणे असे की तलाव आणि जंगल यासोबत बांध्याही मोजा. उन्हाळी धान वाढला आहे, जानेवारीतच रोवणी होते, मग मोकळ्या बांध्या कमी राहतात. आणि त्यासाठी तलावाचे पाणी लवकर सुटते ते वेगळेच.

पळसपान

अर्जुनीकर दादा, तुमचं बरोबर आहे, बांध्यांशिवाय हे चित्र अपुरं आहे. गोंदिया तालुक्यात वैनगंगा आणि वाघ नदीच्या बाजूला सारस धानाच्या बांधीतच घरटं करतात, आणि शेतकऱ्याने ते राखलं तरच पिल्लू मोठं होतं. राज्यात सारस टिकून आहे तो मुख्यतः याच जिल्ह्यात.

मेधा, नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य उत्तम. मुलीला दुर्बीण घेणार असाल तर आठ बाय बत्तीस घ्या, हलकी असते. मोठी दुर्बीण लहान हातांत थरथरते आणि मुलं कंटाळतात.

सातभाई

पट्टकादंबाचा विषय निघालाच आहे तर. हे पक्षी तिबेटच्या पठारावर आणि मंगोलियाकडच्या सरोवरांकाठी घरटी करतात आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. उपग्रहाद्वारे माग ठेवलेल्या पक्ष्यांमध्ये सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीची नोंद झाली आहे. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतही प्राणवायू घट्ट धरून ठेवतं, आणि फुप्फुसंही शरीराच्या मानाने मोठी असतात.

नवेगावबांधपासून फार लांब नाही, गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. १९७२ साली वसलेली. त्या भागात फिरताना शेताच्या बांधावर प्रार्थनेच्या पताका दिसतात. इटियाडोह धरणही तिकडेच. त्याच पठारावरून आलेली माणसं आणि त्याच पठारावरून दर हिवाळ्यात येणारे हंस झाडीपट्टीतल्या एकाच कोपऱ्यात. तिथल्या वयस्कर लोकांशी या पक्ष्यांबद्दल बोलायला मला फार आवडेल. कोणी बोललं असेल तर लिहा.

पाटबंधारे_निवृत्त

लेख चांगला. पण एका बाबतीत दुसरी बाजू मांडणं भाग आहे.

काठावरची जुनी झाडं राखा हे मान्य. पण 'काठ' म्हणजे नेमका कुठला हे स्पष्ट हवं. मातीच्या पाळीवर मोठं झाड असणं धोक्याचं असतं. झाड जिवंत असताना मुळं मातीत शिरतात, आणि मेल्यावर ती कुजून आत नळ्या तयार होतात. त्यातून पाणी झिरपायला लागतं, सोबत माती वाहते, आणि एखाद्या जोरदार पावसाळ्यात पाळ फुटते. वादळात झाड उपटलं गेलं तर मुळांसोबत पाळीचा लचका निघतो. खाली वस्ती आणि धानशेती असते. पाळ आणि सांडवा यांच्यावरची झाडं काढावीच लागतात. आमच्या लोकांनी झाड तोडलं की पक्षीमित्र नाराज होतात, त्यामागे हे कारण असतं.

आता गाळाबद्दलही लिहितो, कारण लेखात त्याचा उल्लेख ओझरता आहे. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ शेतकरी नेतात. योजना चांगली आहे, तो गाळ शेताला सोन्यासारखा. पण यंत्र काठावरून खोदत जातं, कारण काठ आधी सुकतो आणि डंपरला तिथे जाणं सोपं असतं. परिणामी तलावाची कड उभी होते. बशीसारखा असलेला तलाव हौदासारखा होतो. गुरं घसरतात, मुलं बुडायचा धोका वाढतो. तुमच्या शेकाट्या-तुतवारांचं काय होतं ते तुम्हीच वर सांगितलंय.

खोदाई मधल्या भागात करावी, कडेला मंद उतार सोडावा. त्यात खर्च फारसा वाढत नाही, वाहनांना आत उतरायला एक रस्ता ठेवावा लागतो इतकंच. काम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेत हे मांडलं तर होऊ शकतं. यंत्र आल्यावर कोणी ऐकत नाही.

पळसपान

काका, इतकं नीट समजावल्याबद्दल आभार. पाळीचा मुद्दा पूर्ण मान्य. माझा आग्रह आहे तो पाळ सोडून उरलेल्या काठाचा. तलावाला पाळ एकाच अंगाला असते, बाकीचा काठ शेताला किंवा रानाला लागलेला असतो. तिथली झाडंही 'सुशोभीकरण' म्हणून जातात, दगडी पिचिंग होतं, वर फरशी आणि बाकं येतात. तिथे झाडं राखण्यात पाळीच्या सुरक्षेची अडचण येत नाही.

आणि उताराचं तुम्ही सांगितलंत ते प्रत्येक गावात पोहोचायला हवं. देवधान, म्हणजे तलावातलं जंगली धान, त्याच उथळ पट्ट्यात येतं. कमळपक्ष्याला लागणारी पानंही तिथेच जवळ. कमळपक्ष्याची मादी चार अंडी तरंगत्या पानांवर घालते आणि दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे सगळं नर करतो. जुलै-ऑगस्टमध्ये तो लांब शेपटीचा, मानेवर सोनेरी पट्टा असलेला पक्षी पसरट पानांवर अंडी सांभाळत बसलेला दिसतो. कड उभी झाली की हे सारं संपतं.

नितळ

मी काही वर्षं याच तालुक्यात तलावांच्या कामाशी जोडलेली होते, म्हणून लिहिते.

उथळ काठ मोकळा राहिला तरी तो बेशरम या झपाट्याने पसरणाऱ्या झुडपाने भरतो, ही मोठी अडचण. एकदा बेशरमचं रान झालं की पाणवनस्पती जातात, मासे कमी होतात. ढीवर समाजाची उपजीविका त्या माशांवर. इथे ढीवर बायकांनी पुढाकार घेऊन काही तलावांतलं बेशरम मुळापासून काढलं, मग उन्हाळ्यात तळ नांगरून पावसाच्या तोंडावर स्थानिक पाणवनस्पती लावल्या. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते, कुठल्या खोलीत येते, हे ज्ञान त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मासे परतले, आणि मागोमाग पक्षीही. त्या बायका पक्षी पाहायला म्हणून उतरल्या नव्हत्या, पण पक्ष्यांसाठी याहून मोठं काम मी इथे पाहिलेलं नाही.

दोन गोष्टी अनुभवातून. बेशरम कापून काठावर टाकू नका, ओल मिळाली की कांडी पुन्हा रुजते. आणि गवत्या मासा तलावात सोडू नका. तो वनस्पती फस्त करतो, लावलेलं सगळं त्याच्या पोटात जातं.

कॅमेरा_आणि_मी

जूनमध्ये तिकडे यायचा विचार आहे. नवरंग नक्की कुठे मिळेल? कॉल वाजवला तर लगेच समोर येतो असं ऐकलंय. आणि काणूकच्या ढोलीचा फोटो हवा आहे, पिल्लू उडी मारतानाचा. एखादी जागा माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पळसपान

नवरंग पावसाच्या सुमाराला येतो आणि दाट सावलीच्या नाल्यांत घरटं करतो. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतो, ती ऐकून थांबलात तर जमिनीवर पाला उलटताना दिसतो. कॉल मात्र वाजवू नका. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो धावून येतो, चारा शोधणं सोडून, घरटं उघडं टाकून. त्यात त्याचं नुकसान होतं. आणि पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पाच्या सफारी बंद असतात, तेव्हा बेत आखण्याआधी वनविभागाकडे चौकशी करा.

ढोलीची जागा मी सांगणार नाही, कोणालाच सांगत नाही. मादी ढोलीबाहेर माणूस पाहिला तर आत जायला कचरते, अंडी गार पडतात. शिवाय ढोलीपाशी माणसांची पायवाट झाली की घोरपड आणि मांजर त्याच वाटेने येतात. पिल्लं पाण्यात उतरल्यावर दुरून भरपूर फोटो मिळतील, आई त्यांना कमळांच्या पानांमधून फिरवत असते.

कॅमेरा_आणि_मी

समजलं. ढोलीचा विचार सोडला. पाण्यातल्या पिल्लांसाठी ऑगस्टमध्ये येतो. पाळीवरून लांब लेन्सने जमेल ना?

पळसपान

जमेल. सकाळी ऊन पाठीशी घेऊन बसा आणि हालचाल करू नका. काणूक पटकन उडतं, पण तुम्ही आधीपासून बसलेले असाल तर तेच जवळ येतं.

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो, मूळचा साकोलीचा. इथे वूड डक नावाचं बदक आहे, तेही ढोलीतच घरटं करतं आणि त्याची पिल्लंही अशीच उड्या मारतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकार आणि जुन्या झाडांची तोड यामुळे ते संपायच्या बेतात होतं. १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आला, शिकार थांबली, आणि १९३०च्या दशकापासून लोकांनी पाणथळीत लाकडी पेट्या लावायला सुरुवात केली. आज हे बदक जागोजागी दिसतं. आमच्या इथल्या तळ्यातही खांबांवर पेट्या आहेत, खांबाला पत्र्याचा शंकू लावलेला असतो म्हणजे साप आणि रॅकून वर चढत नाहीत. काणूकसाठी आपल्याकडे असं करून पाहता येईल का? लहानपणी साकोलीच्या तलावावर काणूक खूप पाहिलेत, म्हणून विचारतो.

पळसपान

छान माहिती. करून पाहण्यासारखं आहे, पण वनविभाग आणि अभ्यासक सोबत हवेत. भोकाचं माप, उंची, पावसाळ्यात आत पाणी न साचणं, आणि दरवर्षी साफसफाई कोण करणार, हे आधी ठरायला हवं. जिथे जुनी झाडं गेलीच आहेत तिथे पेटी, आणि जिथे आहेत तिथे झाड, असा माझा कल राहील. एका म्हाताऱ्या मोहात काणूकखेरीज पिंगळा, पोपट, धनेश, वटवाघळं, मधमाश्या असं कितीतरी नांदत असतं. तेवढं पेटीत होणार नाही.

अर्जुनीकर

आमच्या शेताला लागून तलावाचा काठ येतो. तिथे दोन जुने मोह आणि एक आंबा आहे. आंब्याला ढोली आहे, त्यात काय राहते ते कधी पाहिले नाही. मोह कोणी तोडत नाही, फुले वेचायला लागतात. आंबा मात्र फळ देत नाही म्हणून घरचे काढा म्हणत होते. हा धागा मोठ्या मुलाला वाचून दाखवला. आंबा राहील.

पळसपान

दादा, फार बरं वाटलं. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी लवकर, लांबून, त्या आंब्याकडे लक्ष ठेवा. काणूकची जोडी असेल तर नर जवळच्या पाण्यावर थांबतो आणि मादी झाडाभोवती एक-दोन घिरट्या घालून आत शिरते.

जाता जाता सर्वांना एक विनंती. ५ नोव्हेंबर हा चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. त्यांच्या मधला आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. पुढे जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. गणनेला जे कोणी जवळच्या तलावावर जाणार आहेत, त्यांनी पक्ष्यांच्या आकड्यांसोबत चार गोष्टी टिपून इथे लिहाव्यात: पाळ सोडून उरलेल्या काठावर ढोली असलेली जुनी झाडं किती, पाण्यात उभी सुकलेली खोडं आहेत का, कड उतरती आहे की खोदून उभी केलेली, आणि बेशरम कुठवर आलंय. तलावाचं आणि गावाचं नाव द्या, ढोलीची नेमकी जागा मात्र देऊ नका.

मेधा_क

आम्ही जानेवारीत येतोय, देवळगावला रेल्वेने. मुलीने वहीत चार रकाने आखून ठेवलेत. सासूबाई पाळीवर बसून थवे मोजणार आहेत, त्यांची नजर अजून उत्तम आहे. अर्जुनीकर दादा, शाल घेतली आहे.